भावनांस वळण कसें लावावें?

गेल्या वर्षीं सहामाही परीक्षेचे गुण घरोघर पोहोंचले, त्या संध्याकाळची ही गोष्ट आहे. आमच्या परिचयाच्या एका घरीं नववींतला मुलगा गणितांत नापास होऊन आला. वडिलांनीं प्रगतिपुस्तक पाहून आवाज चढविला, मुलानें हातांतली वही भिंतीवर फेंकली, वडिलांचा हात उठला, आई मध्यें पडली आणि मुलाला म्हणाली, "अरे, राग गीळ!" त्या रात्रीं त्या घरांत कोणी धड जेवलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं तो मुलगा आमच्याकडे आला असतां त्यानें एक प्रश्न विचारला, आणि खरें सांगावयाचें तर आम्ही निरुत्तर झालों. तो म्हणाला, "राग गीळ, धीर धर, मन घट्ट कर, असें सगळेच सांगतात. पण राग गिळायचा म्हणजे नेमकें करायचें काय, तें कोणीच शिकवीत नाहीं."

मुलाचें म्हणणें खोटें नव्हतें. आपल्याकडे मुलांस पोहावयास शिकवितात तेव्हां पाठीला सुका भोपळा बांधतात, विहिरीच्या पायऱ्यांवर बसवून पाय मारावयास लावतात, आणि पट्टीचा पोहणारा शेजारीं पाण्यांत उतरतो. कांठावर उभें राहून "बुडूं नकोस, बुडूं नकोस" असें ओरडल्यानें कोणी पोहावयास शिकल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. अक्षराचेंही तसेंच, कित्ता गिरविल्यावांचून तें वळणदार होत नाहीं. राग, भीति, लाज, दुःख यांच्या बाबतींत मात्र आपण कांठावरून ओरडण्यापलीकडे फारसें कांहीं करीत नाहीं. या विषयाचा कित्ता कोणी घालून दिला आहे काय, याचा शोध घेतां घेतां आम्ही एका अमेरिकन विदुषींच्या कार्यापाशीं येऊन पोहोंचलों. त्यांच्या पद्धतीचा परिचय आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावा, या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

या विदुषींचें नांव मार्शा लिनेहन. त्यांचा जन्म १९४३ सालीं अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यांतील टल्सा शहरीं झाला. मुलगी हुशार होती, पियानो चांगला वाजवीत असे. परंतु सतराव्या वर्षीं, म्हणजे १९६१ सालीं, तिचें मन इतकें ढांसळलें कीं तिला कनेक्टिकट राज्यांत हार्टफर्ड येथील 'इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग' या मनोरुग्णालयांत ठेवावें लागलें. तेथें ती दोन वर्षांहून अधिक काळ होती. औषधें झालीं, विजेचे झटके झाले, एकांतवासाची खोली झाली; गुण कशानेंच आला नाहीं. स्वतःच्याच शरीरास ती वारंवार इजा करी. त्या दिवसांत तिनें देवापाशीं एक प्रतिज्ञा केली: या नरकांतून मी बाहेर पडेन, आणि पडल्यावर परत येऊन इतरांसही बाहेर काढीन. पुढें तिनें विमा कंपनींत कारकुनी केली, रात्रीच्या वर्गांत बसून शिक्षण घेतलें, आणि १९७१ सालीं शिकागोच्या लोयोला विश्वविद्यालयाची मानसशास्त्रांतील डॉक्टर ही पदवी मिळविली. ही सर्व हकीगत लिनेहनबाईंनीं जगापासून पुष्कळ वर्षें झांकून ठेविली होती. २०११ सालीं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, त्याच हार्टफर्डच्या रुग्णालयांत जाऊन, जमलेल्या लोकांपुढें त्यांनीं ती प्रथम सांगितली. लपविण्यासारखें असें आपल्या आयुष्यांत कांहीं आहे, असें ज्या मुलांस वाटत असेल त्यांनीं हा प्रसंग ध्यानांत घ्यावा.

सिएटल येथील वॉशिंग्टन विश्वविद्यालयांत त्या अध्यापन करूं लागल्या, तेव्हां ज्यांना कोणताच उपचार लागू पडत नाहीं अशा रुग्णांस त्यांनीं मुद्दाम जवळ केलें. ज्यांच्या भावना वणव्यासारख्या पेटतात, ज्यांस जगणें नकोसें होतें, असे हे लोक होते. त्यांना त्यांनीं प्रथम रूढ वर्तनोपचार देऊन पाहिला. त्याचें सूत्र असें कीं, वागणुकींत चूक कोठें आहे तें शोधावें व ती बदलावी. परंतु "तुम्ही बदला" असें म्हणतांच रुग्ण बिथरत. त्यांस वाटे, सारा दोष आमच्याच माथीं मारीत आहेत. मग त्यांनीं दुसरें टोंक धरलें. बदलाची भाषा सोडून केवळ सहानुभूति दाखवावयाची, आहे तसें स्वीकारावयाचें. यावरही रुग्ण चिडले. आम्ही येथें तळमळत आहों आणि तुम्ही नुसतें "समजतें, समजतें" म्हणून बसतां, अशी त्यांची तक्रार. वाचकहो, ही दोन्ही टोंकें आपल्या घरांतलीं नाहींत काय? एका घरीं बाप सदैव "सुधार, सुधार" म्हणतो. दुसऱ्या घरीं "जाऊं दे रे, त्याचा स्वभावच तसा" म्हणून सोडून देतात. मूल दोन्हीकडे सारखेंच एकटें पडतें.

लिनेहनबाईंच्या शोधाचें मर्म असें कीं, या दोन गोष्टींपैकीं एक निवडावयाची नसून दोन्ही एकाच वेळीं करावयाच्या असतात. तूं या घटकेस जसा आहेस तसा असण्यास कारणें आहेत, तूं आपल्या परीनें शक्य तें करीत आहेस. आणि तरीही तुला याहून चांगलें करावें लागेल, तें शिकावें लागेल. हीं दोन वाक्यें परस्परविरुद्ध भासतात. तथापि दोन्ही खरीं आहेत. वाद व प्रतिवाद यांच्या संघर्षांतून त्या दोहोंस सामावून घेणारें तिसरें सत्य निघतें, या विचारपद्धतीस तत्त्वज्ञानांत द्वंद्वात्मक पद्धति म्हणतात. त्यावरूनच या उपचारास 'डायलेक्टिकल बिहेव्हिअर थेरपी' हें नांव पडलें. मराठींत त्यास द्वंद्वात्मक वर्तनोपचार म्हणतां येईल. नांव जड आहे खरें, परंतु आंतली गोष्ट साधी आहे. "पण" या शब्दाच्या जागीं "आणि" हा शब्द घालून पाहा. "मला तुझा राग आला आहे, पण तूं माझा मित्र आहेस" यांत पहिलें वाक्य दुसऱ्यानें पुसलें जातें. "मला तुझा राग आला आहे, आणि तूं माझा मित्र आहेस" यांत दोन्ही उभीं राहतात.

स्वीकाराची विद्या त्यांनीं मुख्यत्वें झेन परंपरेपासून घेतली. त्याकरितां त्या कॅलिफोर्नियांतील शास्ता ॲबी नामक मठांत राहिल्या, आणि पुढें जर्मनींत विलिगिस येगर या बेनेडिक्टाइन साधूपाशीं शिकल्या. हे साधु स्वतः झेनचेही आचार्य होते. झेन हा जपानी शब्द आपल्या 'ध्यान' या संस्कृत शब्दाचेंच चीनमार्गें बदललेलें रूप आहे, हें जातां जातां सांगितलें पाहिजे. या उपचाराचा गुण येतो हें दाखविणारा त्यांचा पहिला प्रयोग १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. वर्षभर हा उपचार घेतलेल्या स्त्रियांमध्यें स्वतःस इजा करण्याचे प्रकार कमी झाले, रुग्णालयांत राहण्याचे दिवस घटले, आणि उपचार अर्धवट सोडणाऱ्यांची संख्याही अल्प राहिली. १९९३ सालीं त्यांनीं या पद्धतीचे ग्रंथ छापले. मूळ योजना गंभीर रुग्णांसाठीं असली तरी तींतील कौशल्यें कोणासही उपयोगी पडण्याजोगीं आहेत.

कौशल्यांकडे वळण्यापूर्वीं पालकांस एक गोष्ट सांगावयाची आहे. सर्व मुलें एकाच प्रकृतीचीं नसतात. पातळ बुडाचें पातेलें चुलीवर ठेवतांच तापतें, जाड बुडाचें सावकाश तापतें. तसें कांहीं मुलांचें मन अल्प कारणानें आणि झटकन तापतें. (निवावयास मात्र त्याला फार वेळ लागतो, एवढाच पातेल्याहून फरक.) हा जन्मजात भाग झाला. अशा मुलास जर घरीं, शाळेंत उठतां बसतां "एवढ्यातेवढ्याला काय रडतोस?", "तुला कांहीं झालेलें नाहीं", "नाटकें पुरेत" असेंच ऐकावें लागलें, तर आपल्याला जें वाटतें तें खरें कीं खोटें, हेंच त्यास कळेनासें होतें. आपल्या भावनेस नांव देणें तें शिकत नाहीं. शिवाय हळू बोललें तर कोणी ऐकत नाहीं, मोठा आकांत केला तरच ऐकतात, हा धडा तें नकळत शिकतें. प्रकृति आणि परिस्थिति यांची अशी सांगड पडते, असें लिनेहनबाईंचें प्रतिपादन आहे. यांत आईबापांस गुन्हेगार ठरविण्याचा हेतु नाहीं. जाड बुडाच्या आईबापांपोटीं पातळ बुडाचें मूल आलें, तर एकमेकांची भाषा न कळणें साहजिकच आहे.

या पद्धतींत चार प्रकारचीं कौशल्यें शिकवितात. पहिलें अवधान. आपल्या मनांत या क्षणीं काय चाललें आहे तें पाहावयाचें आणि त्यास शब्द द्यावयाचा. हें ऐकावयास सोपें वाटतें, परंतु आम्ही स्वतः करूं गेलों तेव्हां दोन मिनिटेंही साधेना. 'मी मूर्ख आहें' असें म्हणणें निराळें, आणि 'मी मूर्ख आहें, असा विचार माझ्या मनांत आतां आला' असें म्हणणें निराळें. दुसऱ्या प्रकारांत विचार हा विचार म्हणून समोर दिसतो. आपण त्यांत गुरफटून जात नाहीं. मराठींत नांव देणें आणि नांवें ठेवणें यांत जो भेद आहे तोच येथें करावयाचा. भावनेला नांव द्यावें. तिला नांवें ठेवूं नयेत. 'मला मत्सर वाटत आहे' एवढें म्हणून थांबावें. 'मी किती हलका!' हें शेंपूट त्यास जोडूं नये. लिनेहनबाई सांगतात कीं, मनाच्या तीन अवस्था असतात. एक भावनेनें भारलेलें मन, दुसरें कोरडा हिशेब करणारें मन, आणि तिसरें या दोहोंचें ऐकून घेऊन निर्णय करणारें सुज्ञ मन. हें तिसरें मन प्रत्येकापाशीं असतेंच, केवळ कोलाहलांत त्याचा आवाज ऐकूं येत नाहीं, असा त्यांचा विश्वास आहे.

दुसरें कौशल्य म्हणजे तितिक्षा, अर्थात् ज्या घटकेस दुःख असह्य झालें आहे ती घटका, अधिक बिघाड न करतां, पार पाडणें. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे, विशेषतः मुलींस, सोशिकपणाचा उपदेश फार होतो. अन्याय मुकाट्यानें सोसावा असा त्याचा अर्थ असतो. ही तितिक्षा तशी नव्हे. ती घटकाभराची आहे. आग विझेपर्यंत घरांत उडी घ्यावयाची नाहीं, इतकेंच. रागाच्या भरांत पत्र फाडणें, मोबाईलवर जळजळीत मजकूर पाठविणें, शाळा सोडीन म्हणून जाहीर करणें, हीं त्या घटकेचीं कृत्यें पुढें वर्षभर निस्तरावीं लागतात. अशा वेळीं प्रथम थांबावें, एक पाऊल मागें यावें, काय घडत आहे तें पाहावें, आणि मगच पुढें व्हावें. एवढेंही सुचत नसेल इतका क्षोभ असेल, तर शरीराच्या वाटेनें मनाकडे जावें. श्वास रोखून कपाळ, डोळे व गाल थंड पाण्यांत अर्धा मिनिटभर बुडविले असतां हृदयाची गति मंदावते. पाण्यांत बुडी मारणाऱ्या प्राण्यांच्या अंगीं जी नैसर्गिक योजना असते तीच मनुष्याच्याही अंगीं आहे, आणि ती या युक्तीनें जागी होते. हृदयविकार असलेल्यांनीं मात्र वैद्यास विचारल्यावांचून हें करूं नये. दुसरा उपाय जोरानें धांवण्याचा, जिने चढण्याउतरण्याचा. तिसरा, श्वास घेण्यास जितका वेळ लागतो त्याहून सोडण्यास अधिक वेळ लावण्याचा; चार मोजीपर्यंत घ्यावा, सहा मोजीपर्यंत सोडावा, असें कांहीं मिनिटें करावें. हे उपाय दुःखाचें कारण नाहींसें करीत नाहींत. ते फक्त विचार करण्याइतकी शुद्ध परत आणतात.

याच सदरांत स्वीकार येतो. निकाल लागला आहे, गणितांत पस्तीसांहून कमी गुण पडले आहेत. 'असें व्हावयास नको होतें, तपासणाराची चूक असेल, मला झोपच लागली नसती तर' अशा विचारांनीं तो कागद बदलत नाहीं. स्वीकारणें म्हणजे पसंत करणें नव्हे, आणि हार मानणेंही नव्हे. जेथें आपण उभे आहों ती जागा ओळखणें, एवढाच त्याचा अर्थ. कारण पुढची वाट तेथूनच निघते. "झालें तें झालें" असें आपण म्हणतों खरें, पण बहुधा तें दुसऱ्याचें तोंड बंद करण्यासाठीं म्हणतों. स्वतःशीं म्हणून पाहावें. फार जड जातें, आणि एकदां म्हणून भागत नाहीं. मन पुन्हां पुन्हां वळवावें लागतें.

तिसरें कौशल्य भावनानियमनाचें. त्यांतील झोंप, वेळेवर जेवण, व्यायाम, दुखण्यावर वेळीं औषध आणि व्यसनांपासून दूर राहणें या गोष्टी आमच्या शाळेच्या व्यायामशिक्षकांच्या तोंडून सर्वांनीं ऐकल्याच आहेत. रात्रीं एकपर्यंत जागणाऱ्या मुलाचें मन दुसऱ्या दिवशीं पातळ बुडाचें होतें, एवढेंच येथें पुरे. अधिक नवी गोष्ट आहे ती अशी. प्रत्येक भावना आपल्यास एका ठराविक कृत्याकडे ओढते. भीति पळावयास लावते, राग अंगावर धांवून जावयास लावतो, लाज लपावयास लावते, दुःख अंथरुणांत पडून राहावयास लावतें. म्हणून प्रथम हें तपासावें कीं, भावना वस्तुस्थितीस धरून आहे कीं नाहीं. आपण डोळ्यांनीं पाहिलें किती आणि कल्पनेनें भरलें किती? मित्र रस्त्यांत बोलला नाहीं, एवढें पाहिलें. 'तो मला टाळतो' हें भरलें. अंगणांत साप निघाला असतां वाटणारी भीति वस्तुस्थितीस धरून आहे, तेथें पळणेंच योग्य. सापाकडे चालत जाण्यास आम्ही धैर्य म्हणणार नाहीं. परंतु वर्गांत उभें राहून कविता म्हणण्याची भीति तशी नाहीं. तेथें तर भावनेच्या ओढीच्या नेमकें उलट कृत्य करावें: टाळूं नये, उभें राहावें, आवाज मोठा काढावा, आणि तें पुन्हां पुन्हां करावें. राग अवाजवी असेल तर तेथून हळूच बाजूस व्हावें, आवाज उतरवावा, त्या माणसाच्या बाजूनें विचार करून पाहावा. दुःखानें पडून राहावेसें वाटलें तर उठून बाहेर जावें. हें ढोंग नव्हे काय, असें एका विद्यार्थिनीनें आम्हांस विचारलें. ढोंग म्हणजे असलेली भावना नाकारणें. येथें भावना नाकारावयाची नाहीं. 'मला भीति वाटत आहे' हें स्वतःशीं पुरतें कबूल करून मग पाऊल टाकावयाचें आहे.

चौथें कौशल्य परस्परव्यवहाराचें, म्हणजे दुसऱ्याजवळ कांहीं मागणें, नाहीं म्हणणें, आणि तें करतांना संबंध व स्वाभिमान दोन्ही सांभाळणें. बहुतेक भांडणें मागण्याच्या रीतींतून उपजतात. एका दहावींतल्या मुलीची तक्रार अशी कीं, संध्याकाळचीं भांडीं नेहमीं तिच्याच वांट्यास येतात आणि भाऊ खेळून आरामांत येतो. ती आईला म्हणे, "तुला फक्त दादाच दिसतो! मीच काय मोलकरीण?" आणि आई म्हणे, "उलट बोलूं नकोस." विषय तेथेंच बुडे. आतां तीच मागणी या पद्धतीनें कशी करावी, तें पाहा. "आई, या आठवड्यांत पांचही दिवस रात्रींचीं भांडीं मी घासलीं, दादानें एकही दिवस घासलीं नाहींत." ही घडलेली गोष्ट झाली, तींत 'नेहमीं', 'कधींच' हे शब्द नाहींत, म्हणून तिच्यावर वाद होत नाहीं. "त्यामुळें अभ्यासाला बसते तेव्हां मी दमलेली असतें, आणि मला वाईटही वाटतें." ही भावना झाली. "मंगळवारीं आणि शुक्रवारीं दादानें घासावींत, असें मला वाटतें." ही मागणी, नेमकी व मोजकी. "तसें झालें तर माझा भूगोल वेळेवर होईल, आणि तुलाही मला चार वेळां हांका माराव्या लागणार नाहींत." हा आईचा लाभ. आई जर म्हणाली, "त्याचा क्लास उशिरा सुटतो", तर मुलीनें जुनीं गाऱ्हाणीं उकरूं नयेत, "मग रविवार त्याचा ठेवूं या काय?" असें विचारावें. मागणी मान्य होईलच असें नाहीं. परंतु ती शांतपणें, मान खालीं न घालतां, केली गेली हेंही कांहीं कमी नाहीं. या उदाहरणांत मुलीचा पक्ष न्याय्य आहे असें आमचें स्पष्ट मत आहे, हें तिच्या भावानेंही वाचावें.

पालकांच्या वांट्यास जें मोठें कौशल्य येतें तें दुसऱ्याची भावना मान्य करण्याचें. मान्य करणें म्हणजे त्याच्याशीं सहमत होणें नव्हे. वही भिंतीवर फेंकणाऱ्या मुलास बाप म्हणूं शकतो, "एवढा अभ्यास करूनही नापास झालास, तुला फार लागलें असेल. तूं चिडलास हें मला समजतें. वही फेंकलेली मात्र मला चालणार नाहीं." पहिल्या दोन वाक्यांत भावना मान्य झाली, तिसऱ्यांत वागणें अमान्य झालें. बहुतेक बापांस तिसरें वाक्य उत्तम येतें. पहिलीं दोन म्हणावयाचीं तर आपला धाक जाईल असें त्यांस वाटतें. अनुभव उलट आहे. ज्याचें कोणीतरी ऐकलें आहे त्याचाच आवाज आधीं खालीं येतो. हें इतकें महत्त्वाचें मानलें जातें कीं, किशोरवयीन मुलांसाठीं अमेरिकेंत अलेक मिलर व जिल रेथस यांनीं या उपचाराची जी योजना बसविली, आणि लिनेहनबाईंसह २००७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली, तींत मुलें आणि त्यांचे आईबाप एकाच वर्गांत शेजारीं बसून शिकतात. त्यांस 'मध्यम मार्ग' नांवाचा एक पांचवा पाठ अधिक असतो. फार कडक व फार सैल या दोहोंमध्यें वाट कशी काढावी, हें त्यांत शिकवितात. बापाला गृहपाठ मिळाल्याचें पाहून मुलांस काय वाटत असेल, याची कल्पना आमच्या वाचकांनींच करावी!

आतां एक प्रामाणिक कबुली. हीं कौशल्यें नुसतीं ऐकून कोणाचें भलें झालें असा पुरावा नाहीं. उलट एक सावध करणारा पुरावा आहे. २०२३ सालीं सिडनी येथील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेथें हजारांवर शाळकरी मुलांपैकीं कांहींस आठ तासिकांत हीं कौशल्यें थोडक्यांत शिकविलीं, आणि बाकीचीं आपल्या नेहमींच्या वर्गांत बसलीं. शिकलेल्या मुलांची चिंता व खिन्नता कमी होण्याऐवजीं कांहींशी वाढलेलीच दिसली, आणि आईबापांशीं असलेला त्यांचा संबंधही सुधारला नाहीं. घरीं ज्यांनीं अधिक सराव केला त्यांची स्थिति मात्र तुलनेनें बरी होती. याच्या उलट, २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन प्रयोगांत जिवावर उदार झालेल्या १७३ मुलामुलींपैकीं ज्यांस सहा महिने हा पूर्ण उपचार मिळाला, त्यांच्या हातून स्वतःस अपाय करण्याचे प्रकार दुसऱ्या उपचारांतील मुलांहून कमी घडले. पूर्ण उपचार म्हणजे काय? आठवड्यास एकदां स्वतंत्र भेट, एकदां कौशल्यांचा वर्ग, रोज भरावयाचा तक्ता, आणि अडचणीच्या घटकेस शिक्षकास दूरध्वनि करण्याची मुभा. दोन प्रयोगांतील फरक, आमच्या समजुतीप्रमाणें, भोपळा बांधून रोज विहिरींत उतरण्यांत आणि फळ्यावर पोहण्याचें चित्र काढण्यांत जो आहे तोच. म्हणून हा लेख वाचून आपण शिकलों असें कोणी मानूं नये, आणि आमच्या शिक्षकवर्गानेंही चार व्याख्यानें देऊन काम झालें असें समजूं नये.

दुसरी गोष्ट. ज्या मुलास अनेक दिवस झोंप नाहीं, अन्न गोड लागत नाहीं, जगणें नको वाटतें, किंवा जें स्वतःस इजा करूं लागलें आहे, त्याच्यासाठीं हा लेख पुरेसा नाहीं. त्यानें विश्वासाच्या मोठ्या माणसास त्याच दिवशीं सांगावें, आणि त्या माणसानें त्यास डॉक्टरकडे न्यावें. भारत सरकारनें २०२२ सालीं टेली-मानस नांवाची सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठींतही बोलतां येतें. हा क्रमांक मुलांनीं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. स्वतःस लागला नाहीं तरी मित्रास लागूं शकेल.

ज्या मुलाच्या प्रश्नावरून हें लिहावयास घेतलें, त्याला आम्हीं रोजच्या तक्त्याची रीत दाखविली. त्यानें जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानांवर रकाने आंखले: तारीख, कोणती भावना, शून्यापासून पांचापर्यंत किती, काय करावेसें वाटलें, काय केलें. पहिल्या आठवड्यांत सातांपैकीं चार दिवस कोरे होते. दुसऱ्या आठवड्यांत एके ठिकाणीं 'राग, ४, दार आपटावेसें वाटलें, मोरीवर जाऊन तोंड धुतलें' अशी नोंद आढळली. त्याच पानाच्या समासांत निराळ्या, जरा जाड अक्षरांत आणखी एक ओळ होती. वही उघडी सांपडली असतां वडिलांनीं ती लिहिली होती: 'राग, ५, आवाज चढला. मग गच्चीवर गेलों.' मुलानें ती खोडली नाहीं. पुढच्या पानावर त्यानें वडिलांसाठीं एक रकाना वाढविला. गणित अद्याप कांठावरच आहे.